पवनचक्की म्हणजे वारसा नव्हे

अमेरिकेच्या मिशिगन राज्यात हॉलंड नावाचे एक नगर आहे. तेथे 'दे झ्वान' नावाची जुनी पवनचक्की उभी आहे. नेदर्लंड्समध्ये ती सुटी करण्यात आली, समुद्रापार नेण्यात आली आणि १९६४ साली नव्या भूमीवर पुन्हा जोडण्यात आली. पुढे आयोवा राज्यातील पेला, विस्कॉन्सिनमधील लिटल शूट, न्यूझीलंडमधील फॉक्सटन, ब्राझीलमधील कास्त्रोलांदा व होलाम्ब्रा या गावांनीही तोच कित्ता गिरवला. या पाचही गावांतील मोठ्या पवनचक्क्या चालू शतकात उभ्या राहिल्या. डच माणूस जेथे जेथे जाऊन स्थायिक झाला तेथे तेथे आज एक पवनचक्की, एक फुलांचा उत्सव आणि लाकडी जोड्यांचे एक दुकान हमखास दिसते. पर्यटक येतात, छायाचित्रे काढतात, चीज विकत घेतात आणि परत जातात. आपण वारसा जपला, या समाधानात गावकरीही रात्री निश्चिंत झोपतात.

आमचा आक्षेप या समाधानावर आहे. पवनचक्कीशी आमचे वैर नाही; गावाला शोभा येते, चार लोकांना रोजगार मिळतो, हे चांगलेच आहे. परंतु पवनचक्की घेऊन कोणीही देशांतराला निघाला नव्हता. निघाली होती ती माणसे, आणि त्यांच्याबरोबर निघाली होती त्यांची प्रार्थनापुस्तके, त्यांची बोली, घरी मागे राहिलेल्या आईला लिहायची पत्रे आणि उराशी धरलेली भीती. त्यांचा खरा वारसा या गोष्टींत आहे. तो आज माळ्यांवर, तळघरांत आणि बंद पडणाऱ्या देवळांच्या कपाटांत कुजत पडला आहे. तो जपण्याची जबाबदारी ज्यांनी या लोकांना बोटीवर चढवले त्यांची आहे. त्यांत डच राज्यसंस्था आहे, आणि सांगताना संकोच वाटला तरी सांगितले पाहिजे की, आपली ख्रिस्तसभाही आहे.

मराठी कॅथलिक वाचक विचारतील, डचांच्या पोथ्यापत्रांची चिंता आपण का वाहावी? एक तर प्रश्न ख्रिस्तसभेचा आहे आणि ख्रिस्तसभा एक आहे. एका अवयवाचे विस्मरण हे साऱ्या शरीराचे दुखणे होय. दुसरे असे की, नुसते बांधकाम उरले म्हणजे काय होते हे आपण कोकणात पाहिले आहे. सतराव्या शतकात डच व्यापारी वेंगुर्ल्यास वखार बांधून राहिले. त्या वखारीच्या पडक्या भिंती आजही दिसतात. पण त्या भिंतींआड कोण जगले, कोण तापाने मेले, हे तेथून जाणाऱ्या वाटसरूला कोण सांगणार? भिंती उरतात, माणसे पुसली जातात. तिसरे कारण आपल्या घरचे आहे. त्याकडे आम्ही शेवटी येऊ.

प्रथम इतिहास पाहू. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा नेदर्लंड्स हा देश पिळून निघाला होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात पश्चिमेकडील शहरांत भुकेने व थंडीने सुमारे वीस हजार माणसे दगावली होती. घरे नव्हती. शेतकऱ्याला सहा-आठ मुले आणि जमीन मात्र एकालाही धड पुरणारी नाही, अशी अवस्था होती. १९४८ मधील एका लोकमत चाचणीत दर तिघांपैकी सुमारे एकाने देश सोडण्याची इच्छा सांगितली. १९५० च्या नववर्षदिनी पंतप्रधान विल्लेम ड्रेस यांनी नभोवाणीवरून राष्ट्राला सांगितले की, आपल्या लोकांपैकी काहींनी पूर्वजांप्रमाणे धाडस करून अधिक विस्तीर्ण देशांत आपले भवितव्य शोधावे. १९५३ च्या फेब्रुवारीत समुद्राने बांध फोडले, १,८३६ माणसे बुडाली, आणि ज्यांचे पाऊल अडखळत होते त्यांतल्याही काहींनी सामान बांधले.

युद्धोत्तर दोन-अडीच दशकांत सुमारे पाच लाख डच नागरिक परदेशी गेले. त्या वेळची लोकसंख्या एक कोटीच्या आसपास होती. म्हणजे दर वीस माणसांमागे एक. निम्म्याहून अधिक लोक कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया या दोनच देशांत गेले. उरलेले अमेरिका, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका आणि ब्राझीलकडे वळले. ही काही चोरून केलेली पळवापळव नव्हती. हे राष्ट्राचे धोरण होते. सरकारने परदेशांशी करार केले, भाड्याला पैसे दिले, 'वॉटरमन' आणि 'ग्रोते बेर' यांसारखी जहाजे स्थलांतरितांसाठी सोडली. नोंदणीची कार्यालयेही पंथवार होती: प्रॉटेस्टंटांची वेगळी, कॅथलिकांची वेगळी. कॅथलिक कुटुंबाला कॅथलिक स्थलांतर संस्था सल्ला देई आणि पलीकडच्या धर्मगुरूंशी गाठ घालून देई. तेव्हा ब्राबांतच्या एखाद्या खेड्यातील शेतकरी कॅनडाला निघाला तेव्हा त्याच्या पाठीवर शासनाचा हात होता आणि डोक्यावर ख्रिस्तसभेचा.

परकीय चलनाची टंचाई असल्याने बरोबर पैसा फारसा नेता येत नसे. म्हणून लोक वस्तू नेत. भल्यामोठ्या लाकडी खोक्यात पलंग, शिवणयंत्र, सायकली, क्रुसाची मूर्ती, पोरांचे कपडे, सारा संसार कोंबून भरला जाई. डच भाषेत त्या खोक्याला 'किस्ट' म्हणतात, आणि शवपेटीलाही 'किस्ट'च म्हणतात. निघणाऱ्यांच्या आयांना त्या शब्दाचे दोन्ही अर्थ ठाऊक होते. त्या काळी विमानाचे भाडे सामान्यांच्या आवाक्याबाहेरचे. बंदरावर घेतलेला निरोप बहुधा अखेरचाच असे.

आता हिशेब मांडू. ज्या राज्यसंस्थेने यांना पाठवले, तिचाच नियम होता की परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने घेणाऱ्याचे डच नागरिकत्व जाईल. काही अपवाद सोडले तर हा नियम आजही आहे. नव्या देशात मतदान करायचे, पोटापाण्याला लागायचे, तर तेथील नागरिक होणे भाग. आणि झाले की मायदेशाचे दार बंद. जाताना तुम्ही राष्ट्राचे ओझे हलके करणारे शूर, आणि गेल्यावर परके! अशा लोकांची आठवण तरी राष्ट्राने जपावी की नाही? २०२५ च्या मे महिन्यात रॉटरडॅमच्या बंदरावरील एका जुन्या गोदामात 'फेनिक्स' हे स्थलांतराचे मोठे संग्रहालय उघडले. दोन हजार जुन्या सामानपेट्यांचा एक चक्रव्यूह तेथे रचला आहे. उपक्रम स्तुत्य आहे. परंतु तो उभा राहिला एका खाजगी प्रतिष्ठानाच्या द्रव्यावर, आणि शेवटची मोठी लाट ओसरून अर्धशतक उलटल्यावर. पेटी प्रदर्शनात आली तेव्हा ती भरणारे हात बहुतेक थंड झाले होते.

परंतु शासनावर तोंडसुख घेणे सोपे आहे. आम्हांला अधिक बोलायचे आहे ते आपल्या घराविषयी.

डच कॅथलिकांच्या देशांतराचा इतिहास महायुद्धाहून पुष्कळ जुना आहे. थिओडोर फान देन ब्रूक हे डॉमिनिकन धर्मगुरू १८३६ साली विस्कॉन्सिनमध्ये फॉक्स नदीकाठी लिटल शूट येथे गेले ते मेनॉमिनी या मूळ रहिवासी जमातीत प्रेषितकार्य करण्यासाठी. १८४७ मध्ये ते मायदेशी आले आणि पुढच्याच वर्षी रॉटरडॅमहून तीन जहाजे भरून कॅथलिक कुटुंबे त्या दिशेने निघाली. एका जहाजाचे नाव 'मारिया माग्दालेना', दुसऱ्याचे 'अमेरिका' आणि तिसऱ्याचे 'लिबेरा नोस', म्हणजे 'आम्हांस सोडव'. प्रभूच्या प्रार्थनेतील शब्द गलबताच्या नाळेवर रंगवून ती माणसे समुद्रावर निघाली होती. पुढे त्याच परिसरात डी पीअर येथून 'दे फोल्कस्टेम' हे डच कॅथलिक साप्ताहिक निघू लागले. पहिल्या महायुद्धानंतर ते बंद पडले. आज लिटल शूटची पवनचक्की दुरून दिसते. 'लिबेरा नोस' या नावाचा अर्थ तेथल्या किती मुलांना ठाऊक असेल?

ब्राझीलमधील होलाम्ब्राची कथा आपल्या काळातली. १९४८ मध्ये कॅथलिक शेतकऱ्यांच्या संघटनेने साओ पावलो राज्यात ही वसाहत स्थापली. हॉलंड, अमेरिका व ब्राझील यांची आद्याक्षरे जुळवून तिचे नाव ठेवले. पैसा नेता येत नव्हता म्हणून त्यांनी जातिवंत गाई नेल्या. त्या गाई उष्ण प्रदेशातील रोगांना बळी पडल्या. भांडवल गोठ्यातच मेले. कर्ज झाले, भांडणे झाली, कुटुंबे पांगली. जे टिकून राहिले त्यांनी सहकाराच्या बळावर पिके बदलली, शेवटी फुले लावली. आज ब्राझीलच्या फुलबाजाराचा फार मोठा हिस्सा या गावातून जातो. १९९१ मध्ये मतदान घेऊन लोकांनी स्वतंत्र नगरपालिका मागितली व मिळवली. दरवर्षी भरणाऱ्या फुलांच्या प्रदर्शनाला लाखो लोक येतात. मारी स्मिट्स या इतिहासकाराने वसाहतीच्या पहिल्या चाळीस वर्षांचा साधार इतिहास लिहिला, ही भाग्याची गोष्ट. परंतु असा एखादा इतिहासकार भेटण्यावरच जर सारे अवलंबून असेल, तर ज्या शेकडो ठिकाणी तो भेटला नाही त्यांचे काय?

येथे एक तुलना करणे भाग आहे. ती आपल्याला रुचणार नाही. त्याच देशातून, त्याच जहाजांतून कॅल्विनपंथी प्रॉटेस्टंटही गेले. त्यांनी जाताच आपली देवळे बांधली, शाळा काढल्या, वृत्तपत्रे चालवली. कॅनडात १९७९ मध्ये एडमंटन येथे आणि १९८२ मध्ये हॅमिल्टनजवळ त्यांनी उच्च शिक्षणाच्या संस्था उभारल्या. अमेरिकेत ग्रँड रॅपिड्सच्या कॅल्विन विद्यापीठात स्थलांतरितांच्या हजारो पत्रांचा संग्रह झाला. हर्बर्ट ब्रिंक्स या प्राध्यापकाने त्यांतील निवडक पत्रे १९९५ मध्ये ग्रंथरूपाने आणली. हॉलंड नगरातील होप महाविद्यालयात १९९४ पासून या इतिहासाच्या अभ्यासासाठी स्वतंत्र संस्था आहे. म्हणजे पवनचक्कीच्या गावातच खरे काम करणारी माणसेही आहेत. फक्त पर्यटक त्यांच्या दाराशी थांबत नाहीत.

आणि कॅथलिकांनी काय केले? ते जवळच्या धर्मग्रामात मिस्साला गेले. ऑस्ट्रेलियात तो धर्मग्राम बहुधा आयरिश परंपरेचा असे, कॅनडात इंग्रजी भाषिकांचा. डच बोलणारे धर्मगुरू काही काळ फिरतीवर येत. मात्र वेगळे राहू नका, लवकर मिसळून जा, हाच उपदेश सामान्यतः कानी पडे. लोकांनी तो मानला, कारण धर्मगुरूचे ऐकण्याची त्यांना घरची शिकवण होती. मिस्सा तेव्हा लॅटिनमध्ये होती. ती सगळीकडे सारखीच, मग भाषेसाठी भांडायचे कशाला? मायकेल क्लाइन या भाषाशास्त्रज्ञाने ऑस्ट्रेलियाच्या जनगणनेवरून दाखवून दिले की, घरातली मातृभाषा टाकून इंग्रजी धरणाऱ्या स्थलांतरितांत डच अग्रभागी होते. आज्ञाधारकपणाचे हे फळ!

एका नावाची कथा सांगतो. संत विलिब्रॉर्ड हे हॉलंडचे प्रेषित. ते स्वतः परदेशी, मूळचे इंग्लंडचे, समुद्र ओलांडून इ. स. ६९० मध्ये आलेले. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात लंडन नावाचे शहर आहे. तेथील डच कॅथलिक स्थलांतरितांनी १९५१ साली आपली पतपेढी काढली आणि तिला या संताचे नाव दिले. बँका ज्यांना दारात उभे करीत नव्हत्या त्यांनी एकमेकांच्या शब्दावर एकमेकांना कर्ज दिले. पतपेढी वाढली, सर्वांना खुली झाली, आणि या शतकात तिचे नाव 'लिब्रो' झाले. 'विलिब्रॉर्ड' हे नाव रोमन लिपीत लिहून पाहा. त्याच्या पोटात ही पाच अक्षरे सापडतील. संताचे डोके गेले, पाय गेले, मधला तुकडा उरला. ही टीका पतपेढीवर नाही. व्यवहाराची गरज व्यवहार जाणे. पण डच कॅथलिकांच्या स्मृतीचे याहून नेमके चित्र आम्हांला सुचत नाही. माहीत असलेल्यालाच ती सापडते, आणि माहीत असलेले दर वर्षी कमी होत आहेत.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकू. पहिला आक्षेप असा की, ही माणसे स्वेच्छेने मिसळून गेली; त्यांना नको असलेली ओळख त्यांच्या नातवंडांवर का लादावी? आमचे उत्तर असे: लादायचे काहीच नाही. नातवाने डच व्हावे असे कोणी म्हणत नाही. परंतु मिसळून जाणे हा एक निर्णय होता, आणि त्या निर्णयाची किंमत कोणी, किती दिली हे जाणून घेण्याचा नातवाला अधिकार आहे. कागद नष्ट झाले की तो अधिकारच नष्ट होतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, कारण तो धर्माच्या नावाने येतो. ख्रिस्तसभा विश्वव्यापी आहे, तीत ना डच ना आयरिश. मग राष्ट्रीयतेचे हे कौतुक कशाला? असे म्हणणाऱ्यांनी ख्रिस्तसभेचीच शिकवण पुन्हा वाचावी. १ ऑगस्ट १९५२ रोजी, म्हणजे डच जहाजे भरभरून जात होती त्याच वर्षी, पोप पायस बारावे यांनी स्थलांतरितांविषयी 'एक्सुल फामिलिया' हे प्रेषितीय संविधान प्रसृत केले. मिसर देशी परागंदा झालेल्या नाझरेथच्या पवित्र कुटुंबाला त्यांनी सर्व स्थलांतरितांचा आदर्श ठरवले आणि स्थलांतरितांना त्यांच्याच भाषेच्या, त्यांच्याच राष्ट्राच्या धर्मगुरूंकडून सेवा मिळावी अशी व्यवस्था सांगितली. तेव्हा 'लवकर विसरा' हा उपदेश रोमचा नव्हता. तो स्थानिक सोयीचा होता. पुढे २ फेब्रुवारी १९९७ रोजी ख्रिस्तसभेच्या सांस्कृतिक वारशाचा सांभाळ करणाऱ्या व्हॅटिकनच्या आयोगाने सर्व महागुरूंना परिपत्रक धाडले. त्याचा विषयच मुळी ख्रिस्तसभेच्या दप्तरांचे मेषपालकीय कार्य हा होता. दप्तर म्हणजे अडगळ नव्हे. प्रभू आपल्या लोकांमधून चालत गेला त्याच्या पाऊलखुणा तेथे उमटलेल्या असतात, असा त्याचा आशय आहे. विश्वव्यापी याचा अर्थ चेहरा नसलेली असा होत नाही. पेन्टेकॉस्टच्या दिवशी प्रत्येकाने सुवार्ता आपापल्या भाषेत ऐकली. पवित्र आत्म्याने सर्वांना एकच भाषा शिकवली नाही.

तिसरा आक्षेप आधुनिकांचा: आता सारे संगणकावर चढवता येते, चिंता कशाला? खरे आहे, आणि त्या दिशेने कामही झाले आहे. ऑस्ट्रेलियातील डच वकिलातींनी ठेवलेली स्थलांतरितांची नोंदपत्रे हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारामार्फत आज शोधता येतात. परंतु नोंदपत्र नाव, जन्मतारीख आणि जहाज सांगते; पहिल्या हिवाळ्यात मालकाच्या कोंबड्यांच्या खुराड्यात राहावे लागले तेव्हा बाई काय बोलली, ते सांगत नाही. ते पत्रात असते. आणि पत्र यंत्रावर चढवण्याआधी ते सापडावे लागते, वाचता यावे लागते, कोणी कोणाला लिहिले हे सांगणारे माणूस जिवंत असावे लागते. यंत्र प्रतिमा जपते. अर्थ माणूसच जपतो.

येथेच काळाची निकड आहे. १९५० साली पंचविशीत बोटीवर चढलेला तरुण आज हयात असेल तर शंभरीच्या घरात आहे. त्या काळी दहा वर्षांचा असलेला मुलगा पंच्याऐंशीच्या पुढे गेला. वृद्धाश्रमातील खोली तीन दिवसांत रिकामी करून द्यावी लागते. नातवंडे कामावरून रजा काढून येतात, कपाट उघडतात, निळ्या पातळ हवाईपत्रांचा गठ्ठा हाती लागतो. अक्षर जुन्या वळणाचे, भाषा डच, तीही ब्राबांतच्या बोलीची. कोणाला वाचता येत नाही. घड्याळ ठेवले जाते, चांदीचा चमचा ठेवला जातो, गठ्ठा कचऱ्यात जातो. यात नातवंडांचा दोष नाही. 'हे आम्हांला द्या' असे म्हणायला दाराशी कोणी उभे नसते, हा दोष आहे.

पलीकडच्या तीरावरही तेच. स्थलांतरिताने लिहिलेली पत्रे मायदेशी भावाच्या घरी असतात आणि भावाने लिहिलेली उत्तरे ऑन्टारिओत. दोन्ही एकत्र आली तर संभाषण, एरवी नुसते अर्धे बोलणे. मायदेशातील धर्मग्राम एकत्र केले जात आहेत, देवळे विकली जात आहेत. त्यांच्या दप्तरात निघून गेलेल्यांच्या खुणा आहेत. नायमेखन येथे १९६९ पासून कॅथलिक दस्तऐवज केंद्र कार्यरत आहे. तेथे कॅथलिक संस्थांची दप्तरे शास्त्रशुद्ध रीतीने जपली जातात. परंतु केंद्राकडे जे पोहोचेल तेच ते जपणार. परदेशातील धर्मग्रामांनी, तेथील धर्मप्रांतांनी ते पोहोचवले पाहिजे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. जेथे डच कॅथलिकांची वस्ती होती तेथील प्रत्येक धर्मप्रांताने एका माणसावर ही जबाबदारी सोपवावी. अंत्यविधीला येणाऱ्या धर्मगुरूने कुटुंबाला कागदपत्रांविषयी एक शब्द विचारावा. जे वृद्ध बोलू शकतात त्यांचे बोलणे आजच ध्वनिमुद्रित करावे. डच वाचणाऱ्या तरुणांना मायदेशी सरकारने शिष्यवृत्ती देऊन पाठवावे; एके काळी बोटीचे भाडे दिले होते, आता या विद्यार्थ्यांचे विमानभाडे द्यावे. एका पवनचक्कीच्या खर्चात हे काम किती वर्षे चालेल, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

आणखी एक अट आहे. जपायचे तर सगळे जपा. गोड तेवढेच नव्हे. लिटल शूटला गेलेल्यांनी ज्या भूमीवर नांगर धरला ती मेनॉमिनी लोकांची होती. १८३६ मध्ये तेथून जवळच झालेल्या तहाने त्यांच्या हातून सुमारे चाळीस लाख एकर जमीन गेली, आणि त्याच वर्षी त्यांच्याचसाठी आलेले धर्मगुरू तेथे स्थिरावले होते. ही दोन्ही पाने एकाच वहीत आहेत. एक फाडून दुसरे मखरात ठेवता येणार नाही. तसेच इंडोनेशिया स्वतंत्र झाल्यावर सुमारे तीन लाख लोक नेदर्लंड्सला आले. त्यांत मिश्र रक्ताचे पुष्कळ होते. त्यांतले कित्येक पुढे निघाले तेव्हा ऑस्ट्रेलियाने त्यांच्या कातडीचा रंग तपासला. गोरे दिसणारे आत, सावळे बाहेर. हजारोंना अमेरिकेने १९५८ च्या कायद्यान्वये घेतले आणि ते कॅलिफोर्नियात विखुरले. लाकडी जोड्यांच्या उत्सवात हे सावळे डच कोठे आहेत? जे हरले, कर्जबाजारी झाले, मायदेशी परतले, वेड्यांच्या इस्पितळात गेले, ते कोठे आहेत? न्यूझीलंडमधील फॉक्सटन येथे २०१७ साली डच स्थलांतरितांचे संग्रहालय उघडले, ते तेथील मूळ माओरी लोकांच्या दालनासह एकाच छपराखाली. ही दिशा आम्हांला योग्य वाटते. पाहुणा आणि यजमान यांची आठवण शेजारी शेजारी ठेवली म्हणजे खोटे बोलणे कठीण होते.

यहोशवाच्या पुस्तकात एक प्रसंग आहे. इस्राएल लोक यार्देन ओलांडत असता देवाने नदीच्या पात्रातून बारा धोंडे उचलून आणायला सांगितले आणि मुक्कामाच्या जागी रचायला लावले. पुढे मुले विचारतील, हे धोंडे कशाचे? तेव्हा बापांनी त्यांना सारी हकीकत सांगावी. ते धोंडे सुबक नव्हते. त्यांवर कोरीव काम नव्हते. त्यांचे मोल होते ते मुलांच्या प्रश्नात आणि बापाच्या उत्तरात. पवनचक्की हा धोंडाच आहे, फार तर देखणा धोंडा. मूल विचारते, हे काय आहे? आणि उत्तर देणारा जर केवळ तिकीट फाडणारा असेल, तर ते धोंडे उचलण्याचे श्रम वाया गेले.

आणि म्हणून शेवटी आपल्या घराकडे वळतो. वाचकहो, आपल्याही धर्मग्रामांतून मुले कॅनडा-ऑस्ट्रेलियाला जात आहेत. ज्या देवळांत पूर्वी डच कुटुंबे गुडघे टेकीत, तशाच देवळांत ती आज गुडघे टेकतात. 'लवकर मिसळून जा' हा शहाणपणाचा सल्ला त्यांनाही मिळतो आहे. त्यांनी मिसळावे, नांदावे, त्या देशाचे होऊन राहावे. परंतु त्यांची पत्रे, त्यांचे आवाज आणि त्यांच्या आजीने सांगितलेली गाऱ्हाणी कोणीतरी ठेवून घेतली पाहिजेत. डचांना हे उमगायला पाऊणशे वर्षे लागली, आणि तोवर निम्मा ठेवा गेला. तुमच्या मुलाचे पहिल्या वर्षीचे पत्र आज तुमच्या घरात कोठे आहे, हे या आठवड्यात शोधून पाहा.